आण्णांचा टोमणा आणि डेलानोची द्राक्षे

निफाड तालुक्यातील एका वाचक मुलीचे पत्र आले आहे. थोडे संक्षिप्त करून ते येथे देत आहे.

“मी २५ वर्षांची आहे. इंग्रजी घेऊन बी.ए. केले, पुढे स्पॅनिश शिकले आणि डेले परीक्षेची बी-२ पातळी उत्तीर्ण झाले. गेली तीन वर्षे पुण्यातील एका कंपनीत मेक्सिको आणि अमेरिकेतील स्पॅनिशभाषक ग्राहकांच्या तक्रारी हाताळते. त्यांच्याशी बोलता बोलता त्यांच्या संस्कृतीची ओढ लागली आणि आता अमेरिकेत जाऊन लॅटिनो संस्कृती व समाज या विषयात एम.ए. करावे असे वाटते. स्पॅनिश साहित्य, लॅटिन अमेरिकन अभ्यास आणि लॅटिनो अभ्यास यांत नेमका फरक काय? माझ्यासारख्या परक्या मुलीला तेथे कोण विचारणार? आमची सहा एकर द्राक्षबाग आहे. आण्णा म्हणतात, ‘परमुलखातल्या मजुरांची दुःखं शिकायला बाग गहाण ठेवायची? आपल्या बागेत दरसाल टोळी येते, तिच्यातल्या चार बायांची नावं तरी तुला सांगता येतील का?’ त्यांना मी काय उत्तर देऊ?”

तुमचे पत्र वाचताना मी सर्वांत जास्त वेळ आण्णांच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते अडथळा म्हणून लिहिले आहे, पण मला पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच वाटले आणि त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. “संस्कृतीची ओढ” हे प्रवेश मागण्याचे कारण होऊ शकत नाही. प्रवेश समितीपुढे ओढ असलेल्यांचे अर्ज ढिगाने येतात. समिती शोधत असते ती प्रश्न घेऊन येणारी व्यक्ती, आणि तुमच्या पत्रात तुमचा प्रश्न अजून तुम्हाला दिसलेला नाही.

आता तीन विषयांतील फरक पाहू. स्पॅनिश विभागात भाषा आणि साहित्यकृती केंद्रस्थानी असतात, मग त्या माद्रिदच्या असोत की मेक्सिको शहराच्या. लॅटिन अमेरिकन अभ्यास हा त्या भूप्रदेशाचा, म्हणजे मेक्सिकोपासून खाली चिलीपर्यंतच्या देशांचा अभ्यास आहे. शीतयुद्धाच्या काळात, विशेषतः १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यानंतर, अमेरिकी सरकारने परदेशांची माहिती असणारी माणसे तयार करण्यासाठी विद्यापीठांना पैसा दिला, आणि या शाखेची वाढ बऱ्याच अंशी त्या पैशावर झाली. लॅटिनो अभ्यासाची जन्मकथा याच्या अगदी उलट आहे. त्याचा विषय अमेरिकेच्या आत राहणारी लॅटिन अमेरिकी वंशाची माणसे हा आहे आणि त्याची स्थापना सरकारने नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या संपांनी करवून घेतली. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील शाळांतून हजारो मेक्सिकनवंशीय मुले वर्ग सोडून बाहेर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांनी मिळून संप पुकारला आणि तो सुमारे पाच महिने चालला. एप्रिल १९६९ मध्ये सांता बार्बरा येथे विद्यार्थी आणि प्राध्यापक जमले आणि चिकानो, म्हणजे मेक्सिकनवंशीय अमेरिकनांच्या, अभ्यासाचा आराखडा त्यांनी तेथे लिहून काढला. न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन (म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातील प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेल्या कुटुंबांतील) विद्यार्थ्यांनी त्याच वसंतात सिटी कॉलेज बंद पाडले, आणि १९७३ मध्ये तेथील विद्यापीठात प्वेर्तो रिकन अभ्यासाचे केंद्र उभे राहिले, जे आज हंटर कॉलेजमध्ये आहे. हा इतिहास मी परीक्षेपुरता सांगत नाही. या विभागांच्या पायाभरणीतच “हे ज्ञान कोणासाठी?” हा प्रश्न घातलेला आहे आणि तुम्ही दारात पाऊल टाकताच तो तुम्हालाही विचारला जाईल.

“लॅटिनो” हा शब्दही सरळ नाही. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेतील ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःची नोंद या गटात केली, परंतु ही एक जमात आहे असे समजून गेलात तर पहिल्याच चर्चासत्रात अडचण होईल. प्वेर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिक आहेत, त्यांना न्यूयॉर्कला यायला व्हिसा लागत नाही. १९८० च्या दशकातील यादवी युद्धांतून पळून आलेल्या एल साल्वादोर आणि ग्वातेमालाच्या कुटुंबांना मात्र आश्रय मिळवताना नाकी नऊ आले. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात अशी घराणी आहेत की ज्यांनी कधी स्थलांतर केलेच नाही. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने मेक्सिकोचा तो भाग अमेरिकेकडे गेला आणि सीमारेषाच त्यांच्या अंगणावरून पुढे सरकली. “हिस्पॅनिक” हा प्रश्न १९८० मध्ये जनगणनेत सर्वांना विचारला गेला, “लॅटिनो” हा शब्द २००० मध्ये त्याच्या जोडीला आला, आणि आता स्त्री-पुरुष भेद न करणारा शब्द म्हणून लॅटिनेक्स म्हणावे की लातिने यावर वाद चालतो. त्या वादात शिरण्याची तुम्हाला घाई नको. तुमच्यासमोर बसलेला माणूस स्वतःला काय म्हणवतो ते ऐकावे आणि तेच लिहावे, एवढे सध्या पुरे.

या शाखेत विचार कसा करतात हे एका वस्तूवरून दाखवते. कॅलिफोर्नियाच्या शेतांत विरळणी आणि खुरपणीसाठी आखूड दांड्याचे एक कुदळीसारखे अवजार वापरले जाई, मजूर त्याला “एल कोर्तितो” म्हणत. दांडा इतका लहान की काम करणाऱ्याला दिवसभर कमरेत दुमडूनच राहावे लागे. मळेमालकांचे म्हणणे असे की आखूड दांड्याने काम नेमके होते. मजुरांचे म्हणणे असे की पाठ सरळ केलेला माणूस मुकादमाला लांबूनच दिसावा, हा त्याचा खरा उपयोग. पाठीचे कायमचे विकार झालेल्या मजुरांच्या वतीने वकिलांनी लढा दिला आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात या अवजारावर बंदी आली. आता पाहा, या एका कुदळीत कामगार कायदा आहे, वैद्यक आहे, नजर ठेवण्याचे तंत्र आहे, आणि आजोबांची वाकलेली पाठ पाहून कॉलेजात गेलेल्या नातवाची आठवणही आहे. संस्कृतीचा अभ्यास म्हणजे सण, नाच आणि खाद्यपदार्थ असे जर तुमच्या मनात असेल, तर ते येथेच सोडून द्यावे.

आणि आता आण्णांकडे वळू. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील डेलानो या गावी द्राक्षतोडणीच्या मजुरांनी काम थांबवले. मागणी होती ताशी १ डॉलर ४० सेंट मजुरीची. सुरुवात केली ती लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो मजुरांनी. आठ दिवसांनी, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, सेसार चावेझ आणि दोलोरेस उएर्ता यांच्या संघटनेतील मेक्सिकन मजुरांनी त्यांना साथ देण्याचा ठराव केला. पुढे द्राक्षांवर देशव्यापी बहिष्कार आला आणि १९७० च्या जुलैमध्ये डेलानोच्या मळेवाल्यांनी करारांवर सह्या केल्या. ज्या द्राक्षांवरून हे सगळे घडले, त्यांत थॉमसन सीडलेस ही जात प्रमुख होती. तुमच्या बागेत थॉमसन असेल किंवा तास-ए-गणेश असेल. तास-ए-गणेश हीसुद्धा थॉमसनमधूनच निवडलेली. थॉमसन हे नावही कॅलिफोर्नियातील ज्या बागाईतदाराने ती जात तेथे रुजवली त्याचे आहे. म्हणजे तुम्ही लहानपणापासून ज्या वेलीखाली वावरलात, तिचे नाव त्याच राज्यातून आलेले आहे.

पेठ, सुरगाण्याकडून छाटणीला आणि थिनिंगला येणाऱ्या टोळ्या तुम्ही पाहिल्या आहेत. मांडवाखाली हात वर करून, मान मागे टाकून, एकेका घडातले मणी कात्रीने विरळ करणाऱ्या बाया तुमच्या डोळ्यांसमोर असतील. डेलानोच्या मजुराची पाठ कशी वाकते हे तुम्हाला पुस्तकातून शिकावे लागेल, परंतु सुरगाण्याच्या बाईचे खांदे संध्याकाळी कसे भरून येतात हे तुम्ही पाहू शकत होतात. आण्णांनी नेमके यावरच बोट ठेवले आहे. त्यांना उत्तर देण्याची गरज नाही, कारण त्यांनी तुम्हाला प्रश्न दिला आहे. एकाच पिकाभोवती, दोन खंडांत, हंगामी मजूर आणि बागाईतदार यांचे नाते कसे घडले? एका ठिकाणी त्यातून संघटना, वृत्तपत्र आणि ट्रकच्या पाठीवर उभे राहून केलेली नाटके निर्माण झाली. दुसऱ्या ठिकाणी काय झाले, आणि का? या प्रश्नावर तुमच्याइतक्या जवळून लिहू शकणारे अर्जदार फार नसतील.

यातूनच तुमच्या “परकी” असण्याच्या शंकेचेही उत्तर निघते, मात्र ते तुम्हाला सुखद वाटेलच असे नाही. तुम्ही भारतीय आहात ही तेथे अडचण ठरणार नाही. दलित पँथर १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिली तेव्हा तिने नाव आणि स्फूर्ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून घेतली, आणि त्याच ब्लॅक पँथरकडून शिकागो व न्यूयॉर्कच्या प्वेर्तो रिकन तरुणांच्या ‘यंग लॉर्ड्स’ने घेतली होती, अशी नाती जाणणाऱ्या विद्यार्थ्याचे तेथे स्वागतच होते. अडचण दुसरी आहे. तुम्ही बागाईतदाराची मुलगी आहात. डेलानोच्या कथेत तुमची खुर्ची टेबलाच्या त्या बाजूला आहे, जेथे क्रोएशिया आणि इटलीहून आलेल्या स्थलांतरितांची मळेवाली मुले बसली होती आणि आपल्या बापांनी शून्यातून मळे उभे केले असे सांगत होती. ते खोटे बोलत नव्हते आणि मजूरही खोटे बोलत नव्हते. ही जागा लपवून, मजुरांच्या दुःखाने हेलावलेली एक तरुणी म्हणून अर्ज लिहिलात तर तो गुळगुळीत होईल. ती जागा पहिल्या परिच्छेदात मान्य करून लिहिलात तर वाचणारा पुढे वाचेल.

येथे माझा एक जुना अनुभव सांगते. विद्यार्थिदशेत मी कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील एका आजीबाईंच्या स्वयंपाकघरात मुलाखतीसाठी बसले होते. दोन तास त्या बोलल्या, मी टेप फिरवत राहिले. शेवटी त्यांनी विचारले, “मागच्या वर्षीही एक जण आला होता, त्याची टेप कुठे गेली?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या विभागाने मला पाठवले होते त्यानेही त्या आधीच्या मुलाखतीची प्रत त्यांना दिली नव्हती, आणि विचारणा केल्यावर कोणाला ती सापडलीही नाही. तेव्हापासून ध्वनिमुद्रणाची प्रत त्याच आठवड्यात घरी पोहोचवल्याशिवाय मी टिपण काढायला बसत नाही. तुम्हीही हा नेम सुरगाण्यापासूनच सुरू करा.

भाषेविषयी थोडे. बी-२ ही चांगली पायरी आहे, परंतु परीक्षेची स्पॅनिश आणि कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोच्या रस्त्यावरची स्पॅनिश यांत बरेच अंतर आहे. तेथे ट्रकला “त्रोका” आणि दुपारच्या डब्याला “लोंचे” म्हणतात, आणि तिसऱ्या पिढीतील कित्येकांना स्पॅनिश समजते पण बोलता येत नाही, त्याची त्यांना लाजही वाटते. शिवाय मेक्सिकोतील ओआहाका राज्यातून आलेल्या अनेक शेतमजुरांची मातृभाषा स्पॅनिश नाहीच. ती मिश्तेक, सापोतेक किंवा त्रिकी असते. फ्रेस्नोचे ‘रेडिओ बिलिंग्वे’ १९८० पासून चालू आहे आणि त्यावर मिश्तेक भाषेतील कार्यक्रमही होतात. ते इंटरनेटवर निफाडातूनही ऐकता येते, रोज अर्धा तास ऐकत जा. (एक गंमत लक्षात आली असेलच: स्पॅनिशमध्ये “पगार” म्हणजे पैसे चुकते करणे. आपल्याकडे तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. शनिवारी मजूर ज्याची वाट पाहतो त्याचे नाव दोन्ही बागांत एकच निघावे, याची मला अजूनही मौज वाटते.)

पैशाच्या बाबतीत मी आण्णांच्या बाजूची आहे. बाग गहाण ठेवून एम.ए. करू नका. अमेरिकेत या विषयांतील एम.ए.ला बहुतेक ठिकाणी स्वतःच्या खिशातून शुल्क भरावे लागते, आणि नंतर विद्यार्थी व्हिसावर कामाची मुभा मिळते ती साधारण १२ महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ या शाखेला नाही. एवढ्या काळात कर्ज फिटत नाही. याउलट पीएच.डी.साठी बऱ्याच चांगल्या विद्यापीठांत शुल्कमाफी आणि अध्यापन साहाय्यकाचे विद्यावेतन मिळते, आणि अमेरिकेत पीएच.डी.ला एम.ए.शिवाय थेट प्रवेश घेता येतो. मात्र तुमची बी.ए. तीन वर्षांची आहे. काही विद्यापीठे ती चालवून घेतात, काही चार वर्षांचा आग्रह धरतात. प्रत्येक ठिकाणी आधी पत्र लिहून हे विचारून घ्या, नाहीतर अर्जाचे शुल्क वाया जाईल. भारतातच समाजशास्त्र किंवा इतिहास घेऊन एम.ए. करणे हा मार्गही वाईट नाही. ती दोन वर्षे फुकट जातील असे मानू नका. आणि तरीही काही रक्कम उभी करावी लागलीच, तर बँकेच्या आधी ज. न. टाटा एंडाउमेंटच्या कर्जस्वरूप शिष्यवृत्तीची चौकशी करा.

कोणत्या विभागात अर्ज करायचा, याबाबत माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने चिकानो अभ्यासात देशातील पहिली पीएच.डी. सुरू केली, त्याच विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत चिकानो आणि मध्य अमेरिकन अभ्यासाचा विभाग आहे, सांताक्रूझ शाखेत लॅटिन अमेरिका आणि लॅटिनो हे दोन्ही एकाच पीएच.डी.त सांधलेले आहेत आणि मिशिगन स्टेट विद्यापीठातही चिकानो-लॅटिनो अभ्यासाची पीएच.डी. आहे. ही सर्व नावे तुमच्या यादीत असू द्या. परंतु तुमचा प्रश्न दोन देशांचा आहे आणि पुढे नोकरी भारतात शोधावी लागण्याचा संभव आहे. भारतीय विद्यापीठांच्या जाहिरातींत “लॅटिनो अभ्यास” या नावाची जागा तुम्हाला दिसणार नाही, इतिहासाची किंवा मानवशास्त्राची दिसेल. म्हणून निम्मे अर्ज इतिहास आणि मानवशास्त्र विभागांकडे करा, जेथे शेतमजुरांवर काम केलेले मार्गदर्शक असतील, आणि लॅटिनो अभ्यास हे तेथे तुमचे विशेष क्षेत्र ठेवा. एक सावधगिरीही बाळगा. टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांनी २०२३ मध्ये सरकारी विद्यापीठांतील विविधता-कार्यक्रमांवर बंधने घालणारे कायदे केले आहेत. टेक्सास विद्यापीठाचा ऑस्टिन येथील बेन्सन ग्रंथसंग्रह हा या विषयाचा खजिना आहे, तरीही तेथील विभाग यंदा कोणत्या नावाने आणि किती प्राध्यापकांनिशी चालू आहे हे पाहूनच अर्ज करावा. हे दडपण नवे नाही. ॲरिझोनाने २०१० मध्ये कायदा करून टूसॉनच्या शाळांतील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचे वर्ग बंद पाडले होते. २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने त्यामागे वांशिक आकस असल्याचा निर्णय दिला, पण तोवर त्या मुलांची शाळा संपलेली होती.

काही जण तुम्हाला सांगतील की भारतीय आहात, तर कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यातील पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांवर लिहा. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे गेलेल्या पंजाबी शेतकऱ्यांना कायद्यामुळे बायका आणता येईनात, त्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली, आणि त्या संसारांवर चांगले संशोधन झालेले आहे. विषय मोहक आहे. पण तो तुमचा आहे म्हणून घ्यायचा की तुम्हाला चिकटवला जातो म्हणून घ्यायचा, याचा विचार करा.

बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरच्या आसपास संपते. तोपर्यंत पंधरावीस पानांचा स्वतंत्र लेख तुमच्या हातात हवा, कारण समिती गुणपत्रिकेपेक्षा तो अधिक बारकाईने वाचते. १९४२ ते १९६४ या काळात करारावर अमेरिकेत नेलेल्या मेक्सिकन ‘ब्रासेरो’ मजुरांच्या मुलाखती ‘ब्रासेरो हिस्टरी आर्काइव्ह’मध्ये विनामूल्य ऐकता येतात आणि त्यांतील बहुतेक स्पॅनिशमध्ये आहेत. डेलानोच्या संपकऱ्यांचे ‘एल माल्क्रियादो’ हे वृत्तपत्र ‘फार्मवर्कर मूव्हमेंट डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट’च्या संकेतस्थळावर वाचता येते. यांतील पाच मुलाखती निवडा, त्या स्वतः उतरवून काढा आणि ऑक्टोबर छाटणीला येणाऱ्या टोळीतील पाच जणींशी, त्यांच्या सवडीने आणि संमतीने, बोला. मजुरी कोण ठरवते, उचल कोणाकडून घेतली, काम रोजाने की उक्ते, आजारी पडल्यावर काय होते, एवढेच विचारा. मालकाच्या मुलीपुढे त्या मोकळेपणाने बोलणार नाहीत हे गृहीत धरा, आणि त्या कुठे गप्प झाल्या तेही लिहून ठेवा. बोलणे शक्यतो बागेत न करता त्यांच्या पालावर, मुकादम जवळ नसताना करा.

आणखी एक काम आहे, ते याच आठवड्यात होण्यासारखे आहे. आण्णांकडे बागेच्या हिशोबाच्या जुन्या वह्या असतील. औषधे, खते, पेट्या यांच्या खर्चासोबत टोळीला किती दिले ते त्यांत वर्षवार लिहिलेले असेल. बहुधा मुकादमाचे नाव असेल आणि बायांची नुसती संख्या. त्या वह्या त्यांच्याकडून मागून घ्या, त्यांच्या शेजारी बसून पाने उलटा आणि जेथे फक्त “बाया १२” असे लिहिले असेल तेथे त्यांना आठवतील तेवढी नावे विचारून पेन्सिलीने लिहा.